पोलिसांना फोन करण्याआधी: गोव्यातल्या कॉलेजांनी आंदोलन कसं हाताळावं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, गोव्यातलं एक महाविद्यालय, आणि प्राचार्यांच्या केबिनबाहेर पायऱ्यांवर बसलेली चौदा मुलं. हजेरी कमी म्हणून हॉल तिकीट अडवलं होतं, त्यावरून बसली होती. छत्र्या ओल्या, एकीने डबा उघडलेला, घोषणा अधूनमधून, त्याही कोणी शिक्षक जवळून गेला तरच. मी शिस्त समितीवर होतो, म्हणून बोलावलं गेलं. मी पोहोचेपर्यंत पोलिसांची जीप आत आली होती. निरीक्षक उतरले आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "आमकां कोणें आपयले?"

आम्हाला बोलावलं कोणी? प्राचार्यांनी उपप्राचार्यांकडे पाहिलं, उपप्राचार्यांनी हेडक्लार्ककडे. कोणालाच माहीत नव्हतं. नंतर कळलं की व्यवस्थापनातल्या कोणीतरी वॉचमनच्या सुपरवायझरला सांगितलं आणि त्याने कंट्रोल रूमला फोन लावला. लेखी काही नाही. निरीक्षक भले माणूस होते, दोन तास नुसते उभे राहिले. पण जीप सगळ्या वर्गांच्या खिडक्यांतून दिसत होती. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर चौदाची दोनशे मुलं झाली.

तेव्हापासून या विषयाच्या सगळ्या चर्चेत मी तोच प्रश्न धरून बसतो: बोलावलं कोणी, काय बघून, किती वाजता? ज्या संस्थेला याचं उत्तर देता येतं तिथे पोलीस आले तरी गोष्टी हाताबाहेर जात नाहीत. खाली लिहिलेली पद्धत प्राचार्य, कुलसचिवांचं कार्यालय, शिस्त समितीवरचे शिक्षक आणि विद्यार्थी प्रतिनिधी या सगळ्यांसाठी आहे. एकाच कागदाच्या या दोन बाजू आहेत, म्हणून दोघांसाठी वेगळं लिहिलेलं नाही.

पहिली पायरी: आंदोलनाच्या आधीचा कागद शोधा

मुलं पायऱ्यांवर बसतात त्याच्या दोन-तीन आठवडे आधी एक निवेदन आलेलं असतं. ते कुठल्यातरी ट्रेमध्ये पडलेलं असतं, किंवा ‘संबंधित विभागाकडे’ गेलेलं असतं. आंदोलन सुरू झाल्यावर सर्वांत आधी ते शोधून काढा. त्यावर आवक शिक्का आहे का, तारीख काय, उत्तर गेलं का. उत्तर गेलेलं नसेल तर तुमची बाजू तिथेच अर्धी लंगडी झाली, हे मान्य करून पुढे चला.

विद्यार्थ्यांनीही निवेदन देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. निवेदन मराठीत द्यायला काहीच हरकत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा असली तरी सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही जागा आहे. आमच्याकडे एरवी गंमत अशी, की घोषणा कोंकणीत, निवेदन मराठीत, आणि पोलीस स्थानकातला जबाब इंग्रजीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती असायला हवी, तिने तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा, आणि त्यावर समाधान झालं नाही तर विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. फी, हजेरी, निकाल, शिष्यवृत्ती यांसारखे बरेच प्रश्न या समितीच्या कक्षेत बसतात. समिती कागदावर आहे पण तिची बैठकच होत नाही, असं असेल तर आंदोलनाचं खरं कारण तेच समजा. बैठकीची तारीख पायऱ्यांवर जाऊन जाहीर केली आणि मुलं उठून वर्गात गेली, हे मी दोनदा पाहिलंय.

दुसरी पायरी: शांत दिवसांत एक पान लिहून ठेवा

हे काम जूनमध्ये, प्रवेशाच्या गडबडीतून थोडी उसंत मिळाली की करायचं. एकच पान, दोन नाही. त्यावर एवढंच:

पोलिसांना बोलावण्याचा निर्णय कोण घेणार, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर दुसरी कोण. विद्यापीठात हे काम कुलगुरूंच्या संमतीने कुलसचिवांकडे, महाविद्यालयात प्राचार्यांकडे. व्यवस्थापन मंडळातले लोक, देणगीदार, माजी आमदार यांच्यापैकी कोणीही या यादीत नसावं.

आपला परिसर नेमका कोणत्या पोलीस स्थानकाच्या हद्दीत येतो, हे स्थानकावर जाऊन विचारून घ्या. ताळगाव पठारावर, बांबोळीच्या अंगाला, म्हापसा किंवा फोंड्याच्या वेशीवर हद्दी अशा वळतात की आपला अंदाज चुकतो. जाल तेव्हा निरीक्षकांना भेटा, चहा घ्या. संकटातली पहिली भेट ही खरोखरची पहिली भेट नसावी.

विद्यार्थ्यांशी बोलायला दोन शिक्षक आधीच ठरवा. ते लोकप्रिय असण्यापेक्षा डोकं थंड असलेले हवेत, आणि त्यांतली एक बाई असावी.

सुरक्षारक्षकांबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्मे घोटाळे इथे होतात. आपल्याकडे कॅम्पसवर जे गणवेशात उभे असतात ते खाजगी एजन्सीचे लोक. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांची स्वतःची पोलीस दलं असतात, तशी आपली नाहीत. आपल्या रक्षकाला साध्या नागरिकापेक्षा जास्त अधिकार नाही. जमाव पांगवणं, मुलांचे मोबाइल काढून घेणं, ओळखपत्रं जप्त करणं, खोलीत कोंडून ठेवणं, यातलं काहीच त्याच्या कक्षेत बसत नाही. समोर गंभीर, अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा घडला तर कोणताही नागरिक संशयिताला धरू शकतो, पण नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ४० नुसार त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. ‘कोणालाही हात लावायचा नाही, गेट उघडं ठेवायचं, वहीत वेळ लिहायची’ हे एवढं कोंकणीत, मराठीत आणि हिंदीत रक्षकांच्या केबिनमध्ये चिकटवा. हिंदीत का, तर बरेचसे रक्षक बाहेरच्या राज्यांतले असतात.

तिसरी पायरी: पहिल्या तासात खाली जा

केबिनमध्ये बसून ‘प्रतिनिधींना वर पाठवा’ असा निरोप देऊ नका. प्रतिनिधी कोण यावरच मुलांमध्ये भांडण लागतं, आणि वर जाऊन आलेल्यावर बाकीचे विश्वास ठेवत नाहीत. खाली जा, पायरीवर बसा, ऐका, आणि जे तुमच्या हातात आहे तेवढ्याचंच वचन द्या. ‘सरकारकडे पाठपुरावा करतो’ हे वचन होत नाही. ‘उद्या अकराला समितीची बैठक, निकाल लेखी फलकावर’ हे वचन होतं.

याच वेळी एका शिक्षकाने नोंदवही सुरू करायची. वेळ, अंदाजे संख्या, कुठे बसलेत, रस्ता मोकळा आहे का, कोण काय म्हणालं. विशेषणं नकोत. ‘११.१० ला सुमारे ३० विद्यार्थी, मुख्य जिना अर्धा मोकळा, ग्रंथालय चालू’ असं. विद्यार्थ्यांनीही आपल्या बाजूने अशीच वही ठेवावी, कारण महिन्याभरानंतर सगळ्यांना सगळं वेगळंच आठवतं.

एक काळजी. गोव्यात पुष्कळ महाविद्यालयांना जोडून उच्च माध्यमिक असतं, आणि गर्दीत अकरावी-बारावीची मुलं हमखास मिसळतात. ती अठराच्या आतली. त्यांना लागू होणारा कायदाच वेगळा, बाल न्याय कायदा २०१५, आणि वर गोव्याचा स्वतःचा २००३ चा बाल कायदा. ती कोण आहेत हे पहिल्या तासात ओळखून ठेवा.

चौथी पायरी: समोर नेमकं काय चाललंय ते नाव घेऊन लिहा

‘परिस्थिती तणावपूर्ण’ हा शब्द वहीत आला की मी तो खोडायला लावतो. तणाव कोणाला? बहुतेक वेळा प्राचार्यांना.

पायऱ्यांवर बसणं, घोषणा देणं, काळ्या फिती, पोस्टर, वर्गावर बहिष्कार. यातला कुठलाच गुन्हा नाही. शांततेने, निःशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात आहे, आणि संस्थेच्या नियमात ‘पूर्वपरवानगी’ लिहिलेली असली तरी नियम मोडला म्हणजे गुन्हा झाला असं होत नाही. तो शिस्तीचा प्रश्न, तुमच्या समितीचा. पोलिसांचा नाही. परवानगी हा शब्द गोव्यात तर जरा जपूनच वापरावा. १८ जून १९४६ ला मडगावात लोहिया बोलायला उभे राहिले ते परवान्याशिवायच, आणि तो दिवस आपण दर वर्षी क्रांतिदिन म्हणून साजरा करतो. ७८-७९ च्या सुमारास बसच्या अर्ध्या तिकिटासाठी विद्यार्थी रस्त्यावर आले होते. ती सवलत खाऊनच माझ्या पिढीचं शिक्षण झालं.

लाउडस्पीकर आला की मात्र गोष्ट थोडी बदलते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी, दिवसाही परवानगी लागते, आणि शिक्षणसंस्था व इस्पितळांभोवतीचा किमान १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरवता येतो. इथेही पोलीस ही शेवटची पायरी. ‘स्पीकर बंद करा, घोषणा चालू द्या’ म्हटलं की बहुतेक मुलं ऐकतात.

गेट अडवणं ही मधली अवस्था. ॲम्ब्युलन्स, वसतिगृहाची पाण्याची टँकर आणि परीक्षेला आलेली मुलं यांना वाट आहे का, एवढंच बघा. वाट असेल तर थांबा. नसेल तर आधी वाट मागा, लेखी, वेळ घालून.

घेराव वेगळा. एखाद्या माणसाला खोलीतून बाहेर पडू दिलं नाही तर न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १२६ आणि १२७ चा, म्हणजे अडवणं आणि कोंडून ठेवणं याचा प्रश्न येतो. विद्यार्थ्यांना मी स्पष्ट सांगतो: दारासमोर बसा, पण दार अडवू नका. मधुमेही प्राचार्यांना चार तास जेवू दिलं नाही, हे कोणत्याही मागणीच्या बाजूने बोलत नाही. आणि प्राचार्यांना सांगतो: घेराव झाला म्हणून लगेच लाठी मागू नका, आधी डॉक्टर मागा.

मारहाण, आग, हत्यार, मुलींची छेडछाड, बाहेरून आलेली टोळी. इथे विचार करत बसायचं नाही. ११२ ला फोन, १०८ ला फोन, मग कागद. पाच किंवा जास्त लोकांचा उद्देश गुन्ह्याचा असेल तर कलम १८९ चा बेकायदा जमाव होतो. पण लक्षात घ्या, तो उद्देशामुळे बेकायदा ठरतो, नुसता पाच हा आकडा पुरत नाही.

आणि एक जुना गैरसमज. एका फलकावर मी स्वतः वाचलंय, ‘महाविद्यालयात १४४ कलम लागू करण्यात आले आहे. — प्राचार्य’. असा अधिकार कुठल्याही प्राचार्याला कधीच नव्हता. तो आदेश आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. गोव्यात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे तो जिल्हाधिकारी, उपजिल्हाधिकारी किंवा खास अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी काढतात. तो दोन महिन्यांपर्यंतच टिकतो, राज्य सरकारने वाढवला तर गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलं आहे की रास्त मतप्रदर्शन दडपण्यासाठी हे कलम वापरता येत नाही. मोर्चा कॅम्पसच्या बाहेर, पणजीच्या आझाद मैदानाकडे किंवा पर्वरीला निघणार असेल तर तो प्रश्न पोलीस आणि जिल्हाधिकाऱ्यांशी आधी बोलून सोडवायचा असतो. तिथे विद्यापीठाचा शब्द फारसा चालत नाही.

पाचवी पायरी: बोलवायचंच असेल तर लिहून बोलवा

पोलिसांना कॅम्पसमध्ये यायला कुलगुरूंची परवानगी लागते, हा समज सगळीकडे आहे. कायद्यात तशी अट कुठेही नाही. दखलपात्र गुन्हा घडत असेल तर पोलीस येऊ शकतात. बाकी वेळी ते संस्थेच्या पत्राची वाट बघतात, हा संकेत आहे. चांगला संकेत आहे, पण संकेतच. त्यामुळे पत्र कधी आणि कसं जातं याला फार महत्त्व येतं.

तीन उदाहरणं देतो. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात सप्टेंबर २०१४ मध्ये विनयभंगाच्या एका तक्रारीच्या चौकशीवरून विद्यार्थ्यांनी कुलगुरूंना घेराव घातला. त्यांनी पोलीस बोलावले आणि १७ तारखेच्या पहाटे पोलिसांनी मुलांना बाहेर काढलं. त्यानंतर जी लाट उठली तिच्यात जानेवारी २०१५ मध्ये त्याच कुलगुरूंना पद सोडावं लागलं. १५ डिसेंबर २०१९ ला दिल्लीच्या जामियात पोलीस थेट ग्रंथालयापर्यंत गेले, आणि आम्ही परवानगी दिली नव्हती, असं कुलगुरूंना पत्रकारांसमोर सांगावं लागलं. तीनच आठवड्यांनी, ५ जानेवारी २०२० ला, जेएनयूत तोंड बांधलेल्या टोळीने काठ्या आणि सळ्या घेऊन वसतिगृहांत मारहाण केली. दिल्ली पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे कुलगुरूंचा व्हॉट्सॲप निरोप संध्याकाळी साडेसहाच्या आधी आला, पण लेखी पत्र पावणेआठला. एके ठिकाणी रात्री बोलावले ते फार लवकर झालं, एके ठिकाणी न बोलावता आले, एके ठिकाणी यायला हवे होते तेव्हा कागदासाठी थांबले.

चौथं उदाहरण परदेशी, पण मला सगळ्यांत उपयोगी वाटतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसवर १८ नोव्हेंबर २०११ ला फीवाढीविरुद्ध जमिनीवर शांत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर कॅम्पस पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. नंतरच्या चौकशीत निघालं की विद्यापीठाच्या प्रमुखांना बळाचा वापर नको होता, पण हे त्यांनी पोलिसांपर्यंत नीट पोहोचवलंच नव्हतं. तंबू दिवसा हटवायचे हा निर्णयही चुकला. म्हणजे पोलिसांनी काय करायचं नाही, हे कोणीच लिहून दिलं नव्हतं. विद्यापीठाला पुढे दहा लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

म्हणून आमच्या पानावर पत्राचा नमुनाच ठेवलाय. साधारण असा:

‘प्रति, पोलीस निरीक्षक. आज दि. … रोजी सकाळी … वाजल्यापासून मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर सुमारे … विद्यार्थी बसले आहेत. … वाजल्यापासून प्रशासकीय इमारतीचे दार आतून बंद केले असून … कर्मचारी आत आहेत. आम्ही … व … वाजता चर्चा केली, ती निष्फळ ठरली. आमची विनंती एवढीच की पोलीस कर्मचारी मुख्य गेटबाहेर उपलब्ध असावेत, आणि आत अडकलेल्या कर्मचाऱ्यांना सुखरूप बाहेर काढण्यासाठी मदत व्हावी. विद्यार्थ्यांना हटवण्याची विनंती आम्ही करत नाही. आमच्या वतीने … हे शिक्षक आपल्यासोबत राहतील. महिला पोलीस असणे आवश्यक. प्रत: उपअधीक्षक, उपजिल्हाधिकारी.’

‘विद्यार्थ्यांना हटवण्याची विनंती आम्ही करत नाही’ या ओळीवरून एका बैठकीत तासभर वाद झाला होता. व्यवस्थापनाला ती नको होती. माझं म्हणणं, ज्या दिवशी हटवणं खरंच हवं असेल त्या दिवशी ती ओळ हाताने खोडा आणि खोडल्याजागी सही करा. ‘कायदा व सुव्यवस्था राखण्यासाठी योग्य ती कारवाई करावी’ हे नेहमीचं वाक्य मात्र कधीही लिहू नका. त्यात सगळं बसतं, लाठीसुद्धा.

सहावी पायरी: पोलीस गेटवर आल्यावर

ठरलेला शिक्षक गेटवर. बाकी शिक्षकांनी घरी जायचं नाही. विद्यार्थी आणि वर्दी यांच्यामध्ये दहा-बारा शिक्षक नुसते उभे असले तरी आवाज खाली येतात. पोलीस आलेत आणि कशासाठी आलेत हे मुलांना तुम्ही स्वतः सांगा, त्यांना ते मोबाइलवरून कळू देऊ नका.

जमाव पांगवण्याचा क्रम नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे. आधी हुकूम, तोही कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा किंवा ठाणे अंमलदाराचा, आणि ते नसतील तर किमान उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याचा. हुकूम न मानल्यावरच बळाचा प्रश्न येतो. त्यामुळे सोबत असलेल्या शिक्षकाने अधिकाऱ्यांना एवढंच विनवावं: हुकूम मोठ्याने, मुलांना कळेल अशा भाषेत, आणि उठून जायला पुरेसा वेळ द्या. बाहेर जायची वाटही मोकळी हवी. एकच गेट आणि त्याच गेटवर पोलिसांची गाडी, असं असेल तर ‘पांगा’ म्हणून पांगायचं कुठे?

मुलींच्या वसतिगृहात महिला पोलिसांशिवाय कोणी जाणार नाही, आणि वॉर्डन सोबत असेल, हे आधीच बोलून ठेवा.

सातवी पायरी: ‘ताब्यात घेतलं’ म्हणजे काय

निळ्या बसमधून मुलांना नेलं की पहिला प्रश्न: कोणत्या कलमाखाली? तीन शक्यता असतात. हुकूम न पाळल्याबद्दल कलम १७२ खाली नेलेलं असतं, आणि किरकोळ बाब असेल तर लवकरात लवकर, चोवीस तासांच्या आत सोडायचं असतं. किंवा कलम १७० ची प्रतिबंधात्मक अटक, तिलाही चोवीस तासांची मर्यादा. किंवा खरी, गुन्ह्यातली अटक. मग अटकेचं कारण सांगणं, घरी कळवणं, वकिलाला भेटू देणं, वैद्यकीय तपासणी आणि चोवीस तासांत न्यायाधीशांसमोर उभं करणं, हे सगळं आलं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उठसूट अटक नको, हजर राहण्याची नोटीस द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात बजावलं आहे. आता ती नोटीस कलम ३५ मध्ये आहे.

अठराखालचं कोणी असेल तर वयाचा दाखला घेऊन लगेच धावा. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही.

स्थानकावर संस्थेतून कोणीतरी गेलंच पाहिजे. तक्रार तुमचीच असली तरी. मुलांच्या घरच्यांना पेडण्याहून, सत्तरीहून येईपर्यंत दोन-तीन तास लागतात, कदंबची शेवटची बस निघून गेलेली असते, आणि त्या वेळात बाकावर ओळखीचा एक चेहरा असणं याची किंमत मला माहीत आहे. मोफत वकिलासाठी १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक. कोठडीतल्या माणसाला आणि सर्व स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न घालता मिळते.

आता जबाबाबद्दल. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सांगणाऱ्याने सही करायची नसते, असं कलम १८१ म्हणतं. सही लागते ती स्वतः दिलेल्या तक्रारीवर, आणि तिची प्रत फुकट मिळते. एवढं जरी मुलांना ठाऊक असलं तरी भीती निम्मी होते. इंग्रजीत लिहिलेला कागद समोर आला तर ‘वाचून दाखवा, मराठीत समजावा’ म्हणण्यात उद्धटपणा काही नाही.

आठवी पायरी: एफआयआर हा नळ नाही

तापलेल्या क्षणी ‘एफआयआर घाला, दोन दिवसांनी मागे घेऊ’ असं सगळे म्हणतात. मागे घेता येत नाही. गुन्हा नोंदला की तो संस्थेचा राहत नाही, सरकारचा होतो. रद्द करायचा तर पर्वरीला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात, कलम ५२८ खाली. खटला सोडून द्यायचा तर सरकारी वकिलांनी कलम ३६० खाली न्यायालयाची संमती घ्यायची. अडवणूक-कोंडण्याच्या गुन्ह्यांत तडजोड होऊ शकते, पण झटापटीत पोलिसाला धक्का लागला आणि न्याय संहितेचं कलम १३२ (सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला) लागलं तर ते अजामीनपात्र, आणि तिथे तुमची माफी चालत नाही.

गोव्यात याचा खरा फटका पुढे बसतो. इथल्या किती मुलांचा डोळा बोटीवरच्या नोकरीवर, आखातावर, परदेशी शिक्षणावर असतो! पासपोर्टची पोलीस पडताळणी आणि चारित्र्याचा दाखला मागायला गेल्यावर ती जुनी नोंद वर येते. हजेरीच्या भांडणात नाव आलेला मुलगा तीन वर्षांनी एजंटसमोर कोर्टाचे कागद घेऊन बसलेला मी पाहिलाय.

म्हणून तक्रार करायचीच तर घटनेपुरती आणि ओळख पटलेल्या माणसांपुरती करा. ‘आणि इतर शंभर अज्ञात’ ही ओळ टाकू नका. त्या शंभरांत पुढे कोणाचंही नाव घालता येतं. पोलिसांच्या वागण्याविरुद्ध तक्रार असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. अशी प्राधिकरणं स्थापन करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला दिला. योगायोग असा, की विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू करण्याचा आदेशही त्याच तारखेचा. दोन्ही आदेशांची अंमलबजावणी कशी झाली, हा वेगळा लेख.

नववी पायरी: शिस्तभंगाची चौकशी

आरोप लेखी, पुरावा दाखवलेला, उत्तराला वेळ, म्हणणं ऐकून घेतलेलं, आणि ज्याने तक्रार केली तो समितीवर नाही. या पाचांतलं एक जरी गळलं तरी आदेश न्यायालयात टिकत नाही. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून अटक झाली आणि कॉलेजने तिचं म्हणणं न ऐकताच तिला काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडायला सांगितलं, काढल्याचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेला बसू द्यायला लावलं. गोव्यातही उच्च न्यायालय तेच.

शिक्षा ठरवताना परीक्षा हे हत्यार वापरू नका. आणि चौकशी सुरू होण्याआधी, पहिल्याच दिवशी, सीसीटीव्हीचं चित्रण वेगळ्या डिस्कवर काढून ठेवायला लेखी सांगा. बऱ्याच कॉलेजांतल्या यंत्रणा ठरावीक दिवसांनी जुन्यावर नवं चित्रण करतात. आमच्या त्या हजेरीच्या प्रकरणात समिती विसाव्या दिवशी बसली. तोवर चित्रण पुसून गेलं होतं. उरली ती वॉचमनची वही, आणि तीत त्या दिवसाची एकच ओळ: ‘११.४० जीप आली. पाऊस.’